पात्रता, तिचा पुरावा आणि त्या पुराव्याचा पुरावा

परदेशी विद्यापीठात शिकायला जाण्यासाठी अंगी जे असावे लागते त्याला प्रवेशपात्रता म्हणतात. तिचे तीन भाग पडतात. विद्यार्थ्याला काय येते, हा पहिला. त्याला ते येते असे कोण म्हणते, हा दुसरा. आणि असे म्हणणारा खरोखर अस्तित्वात आहे का, हा तिसरा. पहिल्या भागाला पंधरा-सोळा वर्षे लागतात, दुसऱ्याला सहा महिने. तिसऱ्याला किती लागतील हे त्या दिवशी टेबलापाशी कोण बसले आहे यावर ठरते. पहिल्या भागाची चौकशी परदेशी विद्यापीठे बेताचीच करत असल्यामुळे येथे विचार आहे तो प्रामुख्याने पुढच्या दोघांचा.

या अभ्यासासाठी नाशिकइतके सोयीचे गाव दुसरे नाही. भारताच्या पासपोर्टाच्या पुस्तिका छापल्या जातात त्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ साली स्थापन झालेल्या याच छापखान्यातून टपाल तिकिटे निघतात आणि मुद्रांकही, म्हणजे ज्यावर माणूस ‘मी तोच आहे’ असे लिहून देतो तो कागद. शिवाय गावात राज्यभर पसरलेल्या दोन विद्यापीठांची मुख्यालये आहेत : गंगापूर धरणाच्या वाटेवर १९८९ चे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिंडोरी रस्त्यावर १९९८ चे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. माणसाला देशाबाहेर जायला लागणारा जवळजवळ प्रत्येक कागद अशा रीतीने याच गावात जन्म घेतो. तो याच गावात मिळतो, असे मात्र नाही.

प्रवेशाची पहिली अट वर्षांची. अमेरिकेतली बरीच विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. दहावी, बारावी आणि तीन वर्षांची बीएस्सी यांची बेरीज पंधरा होते. कॉलेज रोडवर तीन वर्षे काढलेल्या मुलाला हे कळते तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो तो असा, की सोळावे वर्ष कोणी खाल्ले. इंजिनिअरिंगची चार वर्षे असतात, त्यामुळे तिथे बेरीज जमते; मुलाला इंजिनिअरिंगलाच घालायला हवे होते हे काकांचे मत तब्बल पाच वर्षांनी खरे ठरते. इंग्लंडमध्ये पदवीच तीन वर्षांची, म्हणून तिकडे कोणी बोटे मोजत नाही. बारावीनंतर थेट जर्मनीला निघालेल्याला नुसती बारावी पुरत नाही. त्याने एक तर जेईई अॅडव्हान्स्ड पार केलेली असावी, नाही तर इथल्या विद्यापीठात निदान एक वर्ष काढलेले असावे.

या पंधरा-सोळाच्या भांडणातून काही मूल्यांकन संस्थांनी तोड काढली आहे. पदवी प्रथम वर्गाची असेल आणि कॉलेजला नॅकची ‘अ’ श्रेणी असेल, तर तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षांचा मान मिळू शकतो. नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात कॉलेजात भिंती रंगतात, कुंड्या येतात, ग्रंथालयातल्या खुर्च्यांना चारही पाय फुटतात. त्या धावपळीला हसणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हा ठाऊक नसते की आपल्या आयुष्यातले एक अख्खे वर्ष त्या कुंड्यांतून उगवणार आहे.

मुक्त विद्यापीठाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला बसता येऊ लागले, हा त्या विद्यापीठाचा मोठेपणा. घरची परिस्थिती, लग्न, शेती यांत शाळा सुटलेल्या कित्येकांना त्याने पदवीधर केले. परंतु परदेशी अर्जात पदवीच्या रकान्याआधी बारावीचा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय संगणक पुढचे पान उघडत नाही. ब्रिटनचे १९६९ चे ओपन युनिव्हर्सिटी अशाच तत्त्वावर चालते, हे त्या संगणकाला कोणी सांगितलेले नसते.

दुसरी अट गुणांची. गुण ही जगभर समजली जाणारी भाषा आहे, असा समज आहे; तो चुकीचा आहे. जर्मनीत एक हा सर्वोत्तम गुण, चार म्हणजे काठावर पास आणि पाच म्हणजे नापास. दहापैकी किती मिळाले यावर चालणाऱ्या आपल्या सीजीपीएचे तिकडच्या गुणांत रूपांतर करण्यासाठी एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वाधिक शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी साडेआठ मिळवलेला मुलगा या रीतीने १.७५ वर येतो. हा निकाल आजोबांना फोनवर कळवताना सूत्र आधी सांगावे, आकडा मागाहून. उलट क्रमाने सांगणाऱ्यांच्या घरी बराच वेळ शांतता पसरल्याचे दिसते.

अमेरिकेत चित्र उलटे. तिथल्या अनेक मूल्यांकनांत आपला प्रथम वर्ग, म्हणजे साठ टक्के, थेट ‘अ’ श्रेणीत जातो. ज्या साठ टक्क्यांमुळे मुलाने दोन लग्नांना जायचे टाळले, आईने शेजारी विचारले की विषय बदलला, तेच साठ टक्के समुद्र ओलांडताच हुशारीत जमा होतात. गंगापूर रोडवरचे काउन्सेलर ही बातमी पालकांना पहिल्याच भेटीत देतात, आणि ती ऐकून पालकांची मान जी ताठ होते ती फीचा आकडा ऐकेपर्यंत तशीच राहते.

गुणांच्या प्रांतातच एटीकेटी मोडते. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या इंग्रजी शब्दांचे हे लघुरूप इंग्रजांच्या देशात कोणाला कळत नाही. एखाद-दोन विषय राहिले तरी मुलाने पुढच्या वर्गात बसावे, ही त्यामागची दयाळू कल्पना. महाराष्ट्रातल्या कित्येक कर्तबगार माणसांचे करिअर या चार अक्षरांवर उभे आहे. परदेशी प्रवेश समितीला मात्र गुणपत्रिकेवरचा हा शेरा एखादी बहुमानाची परीक्षा वाटण्याचा संभव असतो. तो समज फार काळ टिकत नाही, कारण पुढची मागणी येते ती बॅकलॉगच्या दाखल्याची. किती विषय राहिले होते आणि ते कितव्या खेपेला सुटले, हे त्यात लिहायचे असते. ज्याचा एकही विषय राहिला नाही त्यालाही दाखला लागतोच, ‘एकही बॅकलॉग नाही’ असा. नसलेल्या गोष्टीचा दाखला काढणे असलेल्या गोष्टीपेक्षा अवघड जाते, कारण कारकुनाला ती नोंदवहीत कुठे सापडत नाही.

तिसरी अट भाषेची. मुलगा बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकला असला तरी त्याला इंग्रजी येते हे आयईएलटीएस किंवा टोफेल यांनी सांगितल्याशिवाय धरले जात नाही. काही ब्रिटिश विद्यापीठे बारावीतले इंग्रजीचे गुण पाहून ही परीक्षा माफ करतात, काही शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला चालवून घेतात. तो दाखला देणाऱ्या कॉलेजात सर पाटी पुसत पुसत ‘कळलं का रे?’ असे विचारत असतात, ही बाब दाखल्यात नमूद नसते.

आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार परीक्षा असून एकूण नऊ बँड असतात. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटे चालते. तिच्या मधल्या भागात उमेदवाराच्या हाती एक विषय देऊन एक मिनिट विचार करू देतात आणि मग एक-दोन मिनिटे बोलायला सांगतात. अस्सल नाशिककराला मिसळीवर एक मिनिट विचार करायला लावणे हा वेळेचा अपव्यय, आणि दोन मिनिटांत थांबवणे हा अन्याय आहे. या परीक्षेचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरतात. बुद्धीची चाचणी समजल्या जाणाऱ्या जीआरईचे गुण पाच वर्षे चालतात. म्हणजे माणसाचे इंग्रजी दोन वर्षांत विटते आणि बुद्धी पाच वर्षांत, असे तज्ज्ञांचे मत दिसते. मराठीच्या मुदतीबद्दल कोणी काही ठरवलेले नाही. जीआरईचा आणखी एक गुण सांगायला हवा. तिच्या दोन मुख्य विभागांत कमीत कमी गुण १३० आहेत, शून्य नव्हे. बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या पिढ्यांना इतके सौजन्य ठाऊक नव्हते.

आता नाव. परदेशी अर्जात नावाला दोन चौकोन असतात, पहिले नाव आणि शेवटचे नाव. महाराष्ट्रातला माणूस तीन नावांचा असतो आणि त्यांचा क्रम कागदागणिक बदलतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव सर्वांत आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे वेगळ्या ओळीत. पासपोर्टात आडनाव निराळे काढून उरलेले सगळे एका रकान्यात कोंबतात. मूल्यांकन करणारा परदेशी कारकून गुणपत्रिकेवरचे शेवटचे नाव आडनाव समजतो, म्हणजे वडिलांचे नाव. पुढली दोन वर्षे विद्यापीठाकडून येणारी प्रत्येक मेल ‘प्रिय मिस्टर रामदास’ अशी सुरू होते आणि मुलाला वाटते, चुकून बाबांना आली.

स्पेलिंगचा भाग वेगळा. दहावीला शाळेने दीपकचे स्पेलिंग ‘डीआय’ने केले, पासपोर्टाच्या वेळी वडिलांनी ‘डबल ई’ने. या दोन दीपकांना एक करण्यासाठी सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागते. त्याचा मजकूर नोटरीकडे तयार असतो, फक्त दीपक बदलतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीला राजपत्राची वाट धरावी लागते. आईवडिलांच्या जन्मतारखेचा घोळ तर सर्वांना परिचित आहे. एका पिढीत गुरुजींनी पटावर मूल घेताना वय अंदाजाने धरून जन्मतारीख १ जून लिहून टाकली. वडील १ जून, आई १ जून, मामाही १ जून. असा अर्ज हाती पडलेल्या व्हिसा अधिकाऱ्याला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पावसाळ्याच्या तोंडावरच बाळे होतात असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

या सगळ्यांच्या वरचा कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. सर्व वर्षांचे सर्व विषय आणि सर्व गुण एकत्र मांडून विद्यापीठाने शिक्का मारलेला हा तक्ता. तो बंद पाकिटात असावा आणि पाकिटाच्या जोडावर शिक्का उमटलेला असावा, ही जुनी रीत. विद्यार्थ्याने ते पाकीट फोडले तर त्याची पात्रता उडून जाते. स्वतःचे गुण पाहण्याचा अधिकार स्वतःखेरीज सर्वांना, अशी ही व्यवस्था. नाशिकची साधी कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाचे उपकेंद्र गावात आहे, पण अडलेले काम पुण्यालाच सुटते, अशी लोकांची श्रद्धा आहे. याउलट राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि होमिओपॅथी कॉलेजांचे विद्यापीठ नाशिकला. त्यामुळे नाशिकचा इंजिनिअर पहाटेच्या एसटीने पुण्याला निघतो आणि पुण्याचा डॉक्टर त्याच वेळी नाशिकची गाडी पकडतो. अंतर सुमारे दोनशे दहा किलोमीटर. संगमनेर आणि आळेफाट्याच्या दरम्यान दोन्ही गाड्या चहाला थांबतात, दोन्हीकडची मुले मांडीवरच्या फायली सांभाळत एकमेकांकडे पाहतात, आणि आपापले विद्यापीठ दुसऱ्याच्या गावी का ठेवले असावे, याचा विचार करत पुन्हा गाडीत बसतात. आता अर्ज ऑनलाइन झाल्यापासून हा फेरा कमी झाला आहे. छपाईत वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली, की तो पूर्ववत सुरू होतो.

पुणे विद्यापीठाचे नाव हाही एक विषय आहे. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या जुन्या इंग्रजी कागदांवर ‘पूना’ आहे, पुढच्या कागदांवर ‘पुणे’ आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव. त्या सुमारास शिकत असलेल्यांच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एक विद्यापीठ आहे आणि शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर दुसरे. ‘आपण विद्यापीठ का बदलले?’ या परदेशी प्रश्नाला ‘मी नाही, विद्यापीठाने बदलले’ हे खरे उत्तर आहे, पण अर्जात त्याला जागा नसते.

गुणपत्रिका खरी आहे हे सांगायला विद्यापीठ, आणि विद्यापीठ खरे आहे हे सांगायला आणखी कोणी, अशी ही साखळी लांबते. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएसचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. दिल्लीतले हे कार्यालय अठरा हजार रुपये शुल्क घेऊन कागद तपासते आणि ते खरे असल्याचा कागद देते. इतर देशांसाठी अपोस्टिल आहे. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला. गुणपत्रिकेच्या पाठीवर आधी राज्याचा शिक्का बसतो, मग परराष्ट्र खात्याचे चिकटपत्र. शेवटी मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा अधिक वजनदार होते.

जुन्या नोंदी काढण्याचे शास्त्र नाशिकला नवे नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. आलेल्या यजमानाने गाव आणि आडनाव सांगितले, की गुरुजी नेमकी वही काढतात आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवतात. त्यासाठी अर्ज, चलन, दोन फोटो काही लागत नाही. दक्षिणा लागते, पण तिची पावती कोणी मागत नाही. १९९१ सालची गुणपत्रिका शोधणाऱ्या परीक्षा विभागांनी या पद्धतीचा अभ्यास करायला हरकत नाही.

शिफारसपत्रे सहसा तीन लागतात आणि ती प्राध्यापकांनी गुप्तपणे लिहायची असतात. प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मराठी मुलाला स्वतःची स्तुती करायची सवय नसते. पहिल्या पत्रात तो स्वतःला ‘बरा’ म्हणतो, तिसऱ्यापर्यंत ‘माझ्या अध्यापनाच्या काळातील सर्वोत्कृष्ट’ होतो. मग विद्यापीठ सरांचा संस्थेच्या नावाचा ई-मेल मागते, आणि सर वापरत असतात तो मुलीने काढून दिलेला, शेवटी तिची जन्मतारीख असलेला. शिफारसपत्र हा प्रकार नाशिक जिल्ह्याला शंभराहून अधिक वर्षे परिचित आहे. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना १९०६ मध्ये लंडनला जाण्यासाठी श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती मिळाली ती लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवर. टिळकांना ‘तूच लिहून आण’ म्हणायचे सुचले असेल, असे वाटत नाही. पुढे परीक्षा पूर्ण होऊनही लंडनच्या ग्रेज इन या वकिली संस्थेने सावरकरांना बॅरिस्टरी दिली नाही, आणि मुंबई विद्यापीठाने त्यांची बीएची पदवीही काढून घेतली. पात्रता असून कागद नसणे म्हणजे काय, याचे इतके चोख उदाहरण दुसरे सापडणार नाही.

हेतुपत्र, म्हणजे एसओपी, हे या पत्रांचे भावंड. त्यात विद्यार्थ्याने या विषयाकडे आपण कसे वळलो ते सांगायचे असते. प्रत्यक्षात तो विषयाकडे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, तिसऱ्या फेरीत उरलेल्या जागेमुळे वळलेला असतो. पत्रात मात्र लहानपणी घरचा रेडिओ खोलल्याची घटना येते. एकट्या कॉलेज रोडवरून दर वर्षी परदेशी जाणाऱ्या पत्रांत इतके रेडिओ खोललेले असतात, की या गावात कोणाच्या घरी बातम्या ऐकल्या जात होत्या याचे नवल वाटावे.

या सर्व अटींच्या पार पलीकडचा एक प्रवेश महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला पोचल्या तेव्हा त्यांच्या नावावर कोणती पदवी नव्हती. त्यांच्यासाठी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र एका मासिकात छापून आले होते. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे नंबर यायची वाट पाहताना वाचले, आणि तिथून पत्रव्यवहार जुळला. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे आनंदीबाईंनी सरळ कबूल केले. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलेला निर्धार लक्षात घ्यावा, असे कळवले. त्यांना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या पत्रात रेडिओ नव्हता.

उरली पैशाची अट. जर्मनीसाठी विद्यार्थ्याला बंद खात्यात वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिकडे पोचल्यावर बँक त्याला त्याचेच पैसे दरमहा ९९२ युरो या हिशेबाने परत देते. नाशिकच्या घरात पॉकेटमनी याच तत्त्वावर चालतो, फक्त बँकेऐवजी आई असते. ब्रिटनला पैसे खात्यात सलग अठ्ठावीस दिवस दिसावे लागतात. काकांचे, आत्याचे आणि सोसायटीचे मिळून हे पैसे खात्यात अठ्ठावीस दिवस पाहुणे म्हणून उतरतात आणि एकोणतिसाव्या दिवशी त्यांना आपापल्या घरची आठवण येते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागाइतदाराची अडचण वेगळी. त्याची श्रीमंती वेलीवर असते, खात्यात नव्हे. आणि लासलगावला कांद्याचा भाव काय निघाला यावर मुलाचे शिक्षण ठरते. त्याच्या सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर करून जोडतात. त्यात ‘पोटखराबा’ या शब्दाला पोटाच्या विकारासारखे काही लिहिले जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

पैशाच्या बाबतीतही जिल्ह्याला वारसा आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात १८६३ मध्ये जन्मलेला मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा महाराज सयाजीराव झाला, आणि त्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. अट होती परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. आजच्या शैक्षणिक कर्जाची मुदत पंधरा वर्षांपर्यंत जाते, शिवाय प्लॉट तारण.

सर्व अटी पुऱ्या झाल्या की पासपोर्टावर व्हिसा चिकटतो. नाशिकरोडला छापलेली कोरी पुस्तिका देशभर फिरून, नाव-पत्ता घेऊन, पोलीस चौकशी होऊन नाशिकमध्ये परत येते, तेथून मुंबईला जाते आणि शिक्का घेऊन पुन्हा येते. मुलापेक्षा तिचा प्रवास तोवर जास्त झालेला असतो.

परतीचा प्रवेश हा विषयाचा शेवटचा भाग. परदेशातून एमबीबीएस होऊन आलेल्याला २००२ पासून एफएमजीई द्यावी लागते आणि तीनशेपैकी दीडशे गुण मिळवून आपण डॉक्टर असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागते. इतर पदवीधरांना इथे नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा समकक्षता दाखला लागतो. हे काम वर्षानुवर्षे भारतीय विद्यापीठ संघ पाहत आला. १.७५ गुणांवर गेलेला मुलगा जर्मनीची पदवी घेऊन येतो आणि समकक्षतेचा अर्ज उघडतो. त्यात आधीच्या सर्व शिक्षणाचे कागद मागितलेले असतात, शाळेपासूनचे. आई माळ्यावरून प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल काढते. गुणपत्रिका जागच्या जागी असतात. नव्या पदवीवर स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणे ‘डबल ई’ने आहे, दहावीच्या कागदावर ‘डीआय’ने. जुने प्रतिज्ञापत्र जर्मन विद्यापीठाने ठेवून घेतले आहे. वडील चप्पल घालतात आणि सीबीएसकडे निघतात.